म्यानमार : खासदार ४९८, मतं हवीत ४९९

पारवा

लष्करी राजवटीचा विषय निघाला की 'लोकशाही ठीक आहे हो, पण आधी देश एकसंध राहू दे' हे वाक्य हमखास येतं. म्यानमारमध्ये ते १९६२ पासून ऐकवलं जातंय. म्हणजे पारखून घ्यायला साठ वर्षांहून जास्त काळ मिळालेला आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोकशाही घेतली आणि बदल्यात स्थैर्य दिलं, असा सौदा तिथे कधी झालाच नाही. दोन्ही गेलं. का गेलं, हे घटनेच्या रचनेतच दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सध्याची घटना २००८ ची. मसुद्याची पायाभरणी १९९३ ला सुरू झालेल्या, लष्कराने भरवलेल्या अधिवेशनात झाली. सार्वमत १० मे २००८ ला घेतलं. त्याच्या आठवडाभर आधी नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळलं होतं आणि लाखाहून जास्त माणसं गेली होती. वादळग्रस्त भागातलं मतदान फक्त २४ मेपर्यंत पुढे ढकललं. अधिकृत निकाल : ९२.४८ टक्के बाजूने.

आता आकडे बघा. कनिष्ठ सभागृहात ४४० जागा, त्यातल्या ११० सरसेनापती नेमणार. वरिष्ठ सभागृहात २२४, त्यातल्या ५६ नेमलेल्या. दोन्ही मिळून ६६४, पैकी १६६ गणवेशातले. निवडून येणारे उरले ४९८. कलम ४३६ म्हणतं, महत्त्वाच्या तरतुदी बदलायच्या तर ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. ६६४ चे ७५ टक्के बरोब्बर ४९८ होतात. म्हणजे देशातला झाडून सगळा निवडून आलेला खासदार एका बाजूला उभा राहिला तरी दुरुस्ती एका मताने पडते. ते मत गणवेशातूनच यायला हवं. आणि समजा आलंच, तर काही कलमांसाठी वर सार्वमत, तेही झालेल्या मतदानाच्या नव्हे तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त पाठिंब्याचं.

सत्तेचं गणितही तिरपं आहे. राष्ट्राध्यक्ष निवडायला दोन्ही सभागृहांत मिळून ३३३ मतं लागतात. लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाने ४९८ पैकी १६७ जागा जिंकल्या की काम झालं, कारण १६६ आधीच खिशात. विरोधकांना मात्र स्वतःच्या बळावर ३३३, म्हणजे निवडून येणाऱ्या जागांपैकी दोन तृतीयांश लागतात. आँग सान सू ची यांच्या एनएलडी पक्षाने हे २०१५ मध्ये ३९० आणि २०२० मध्ये ३९६ जागा घेऊन दोनदा करून दाखवलं. २०२० मध्ये यूएसडीपीला, म्हणजे लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला, ३३ मिळाल्या. हरण्यासाठी केवळ एक तृतीयांशाच्या खाली जायचं होतं, तिथेही ते गेले. १ फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव झाला तो यानंतर.

चौकस

मांडणी चांगली आहे, पण सुरुवात २००८ पासून करणं पटत नाही. १९४८ पासून करा. १९ जुलै १९४७ ला स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान आणि त्यांचे सहकारी मारले गेले. ४ जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्य. वर्षभरात कम्युनिस्ट बंड, कारेन बंड, सैन्यातल्या तुकड्या फुटल्या. १९४९ मध्ये कारेन सैनिक रंगूनला (आजच्या यांगूनला) लागून असलेल्या इन्सेनपर्यंत आले होते. सरकारला 'रंगून सरकार' म्हणायचे ते उगाच नाही. १९५० पासून शान प्रदेशात चीनमधल्या यादवीत हरलेल्या कुओमिंतांग पक्षाचे पळालेले सैनिक ठाण मांडून बसले. शिवाय १९४७ च्या घटनेत शान आणि कारेन्नी प्रांतांना दहा वर्षांनी फुटून निघायचा हक्क दिला होता. १९५८ मध्ये सत्ताधारी आघाडीच दुभंगली तेव्हा खुद्द पंतप्रधान ऊ नू यांनी जनरल ने विन यांच्याकडे कारभार सोपवला. त्यांनी शहरं साफ केली, किमती आटोक्यात आणल्या आणि १९६० मध्ये निवडणूक घेऊन सत्ता परतही केली.

त्या देशात देशव्यापी म्हणावी अशी एकच संस्था होती आणि ती लष्कर होती. ती काढून घेतल्यावर मागे काय उरतं हे लीबियाने दाखवलंय. लोकशाहीला माझा विरोध नाही. क्रम महत्त्वाचा आहे, एवढंच म्हणतोय.

पारवा

चौकस, १९४९ ची परिस्थिती तुम्ही सांगता तशीच होती, त्यावर वाद नाही. पण तुमच्याच उदाहरणात एक गोष्ट आहे. १९५८ ची काळजीवाहू राजवट मुदतीची होती, संसदेच्या संमतीची होती, आणि १९६० च्या निवडणुकीत ने विन यांना नको असलेले ऊ नू प्रचंड बहुमताने परत आले. लष्कराने त्यातून धडा घेतला तो असा, की पुढच्या वेळी परत द्यायचंच नाही. २ मार्च १९६२ ला सत्ता घेतली तेव्हा शान नेते रंगूनमध्ये फुटून निघण्याबद्दल नव्हे, संघराज्याबद्दल बोलायला जमले होते. त्यांनाच उचललं.

आणि 'एकच संस्था' का उरली? बाकीच्या मोडल्या म्हणून. १९६३-६४ मध्ये बँका, व्यापार, दुकानं सरकारजमा. स्वतंत्र वृत्तपत्रं बंद. जुलै १९६२ मध्ये रंगून विद्यापीठाची विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवली. १९७४ च्या घटनेने एकच पक्ष ठेवला. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका दिवसात रद्द केल्या, बदलूनही दिल्या नाहीत, आणि नव्या आणल्या ४५ आणि ९० च्या, कारण नऊने भाग जातो. त्याच डिसेंबरात हा तांदूळ पिकवणारा देश संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत गेला. पुढच्याच वर्षी ८ ऑगस्टचा जनतेचा उठाव झाला. चूक दाखवणारं कुणी उरलं नाही की असे निर्णय होतात, आणि ते अंगावर आले की रस्त्यावर गोळीबार.

दर्यावर्दी

नोटांचा विषय निघालाच आहे तर २०२१ नंतरचं चलन बघू. आपल्या डाळीच्या बाजाराशी त्याचा थेट संबंध आहे.

२०२१ च्या उठावाआधी डॉलरला साधारण १,३३० क्यात पडायचे. ३ एप्रिल २०२२ ला मध्यवर्ती बँकेने फर्मान काढलं, की परकीय चलनात आलेली कमाई एका दिवसात अधिकृत दराने, म्हणजे १,८५० ने क्यातमध्ये बदलायची. ऑगस्टमध्ये दर २,१०० केला आणि निर्यातदाराने ६५ टक्के कमाई त्या दराने द्यायची, ३५ टक्के स्वतःकडे ठेवायची असं ठरवलं. खुला बाजार मात्र वरच चालला होता. समजा बाजारात डॉलर ३,५०० ला आहे. एका डॉलरमागे ६५ सेंटचे १,३६५ क्यात आणि ३५ सेंटचे १,२२५, मिळून २,५९०. म्हणजे प्रत्येक डॉलरवर चौथ्या हिश्शाहून जास्त कापला गेला. हा कर म्हणून कुठे नोंदलेला नाही, पण वसूल होतो.

निर्यातदार तो खाली ढकलतो. शेतकऱ्याला डाळीचा भाव कमी मिळतो, आणि डिझेल नि खत आयातीचं असल्यामुळे ते मात्र बाजारभावाच्या डॉलरने घ्यावं लागतं. मग बिलं कमी रकमेची फाडणं, फरक हुंडीने बाहेर ठेवणं, माल सीमेवरून चोरवाटेने काढणं सुरू होतं. सरकारच्या हाती येणारे डॉलर आणखी घटतात, की पुन्हा नवीन फर्मान. २०२४ मध्ये खुल्या बाजारात दर ४,५०० च्या आसपास आणि त्यापुढेही गेला होता.

तूर पिकते ती सागाइंग, मॅग्वे, मंडाले या कोरड्या पट्ट्यात. २०२१ नंतरची सगळ्यात तीव्र लढाई नेमकी याच पट्ट्यात आहे. बर्मी माणूस तूर फारशी खात नाही, उडीदही बहुतांश बाहेरच जातो, आणि मुख्य गिऱ्हाईक आपण. २०२१ मध्ये दोन्ही सरकारांत समजुतीचा करार झाला : वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, २०२५-२६ पर्यंत. लातूर-अकोल्याच्या दालमिलवाल्यांना 'लेमन तूर' आणि 'एफएक्यू', 'एसक्यू' उडीद हे शब्द पाठ असतात, ते याच मालाचे. 'लष्कर आहे म्हणून पुरवठा सुरळीत' असं म्हणणाऱ्यांनी गाव ते यांगूनचं बंदर या रस्त्यावर किती नाकी आहेत आणि कुठलं नाकं कुणाचं आहे ते बघावं. प्रत्येक नाक्यावर ट्रक पैसे मोजतो.

मोहर

माझा मुद्दा दोन्ही बाजूंना थोडा बोचेल. २०१६ ते २०२० च्या निवडून आलेल्या सरकारला कुणी सोवळं समजू नये.

२५ ऑगस्ट २०१७ ला आरसा या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाचे हल्ले झाल्यावर लष्कराने पश्चिमेकडच्या राखाइन प्रांतात मोहीम काढली आणि सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. मोहीम लष्कराची, सरकारला त्याला थांबवायचा अधिकारही नव्हता, हे खरं. पण डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात लष्कराची बाजू मांडायला आँग सान सू ची स्वतः गेल्या. ती सक्ती नव्हती. जून २०१९ मध्ये राखाइन आणि पलेटवाच्या नऊ टाउनशिपमध्ये (आपल्या तालुक्यासारखा विभाग) मोबाइल इंटरनेट बंद केलं ते नागरी सरकारच्या खात्याने. २०२० मध्ये राखाइनच्या मोठ्या भागात निवडणूकच रद्द केली, आणि रोहिंग्यांची नावं तर मतदारयादीत नव्हतीच. १९८२ चा नागरिकत्व कायदा ने विनचा, पण एनएलडीने त्याला हात लावला नाही.

हे सगळं मान्य करूनही मला लष्कराचा दावा पटत नाही. एनएलडीच्या या धोरणांना मतपेटीतून शिक्षा होऊ शकत होती. राखाइनमध्ये अराकानी पक्षांनी एनएलडीला हरवलेलं आहे. लष्कराला हरवण्याची सोय कुठल्या कलमात आहे?

सांजवेळ

चौकस यांचा 'देश एकसंध ठेवणारी संस्था' हा दावा सीमाभागात जाऊन तपासायला हवा. एकच जागा घेते : कोकांग, राजधानी लाउक्काइ, चीनच्या सीमेला चिकटलेला भाग.

१९८९ मध्ये बर्मी कम्युनिस्ट पक्ष फुटला आणि त्यातून एमएनडीएए ही कोकांगची सशस्त्र संघटना निघाली. लष्करी गुप्तहेर खात्याचे प्रमुख खिन न्युंत यांनी लगेच शस्त्रसंधी केली. अट सोपी : सरकारवर गोळी झाडू नका, मग शस्त्रंही ठेवा, भागही ठेवा, धंदाही करा. धंदा अफूचा होता. वीस वर्षं 'शांतता'. २००९ मध्ये लष्कराने नवीन अट घातली, की सगळ्या गटांनी सीमा सुरक्षा दल व्हायचं. ३२६ जणांची बटालियन, त्यात ३० लष्कराचे. नव्या घटनेत एकच सैन्य असायला हवं म्हणून. एमएनडीएएच्या प्रमुखांनी नकार दिला. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांना हाकललं, हजारो लोक चीनमध्ये पळाले. मोहिमेची धुरा मिन आँग ह्लाइंग यांच्याकडे होती, ज्यांनी पुढे सरसेनापती म्हणून २०२१ चा उठाव केला. हाकललेल्या प्रमुखांच्याच सहकाऱ्यांपैकी बाइ घराण्याला फोडून गादीवर बसवलं.

या नव्या मालकांनी जुगारअड्डे काढले, आणि पुढे ऑनलाइन फसवणुकीची केंद्रं. पोलीस त्यांचे, दल त्यांचं, राजधानी नेपिडोला हिस्सा जातोय, तर चौकशी कोण करणार? फसवले जाणारे आणि डांबले जाणारे बरेचसे चिनी होते. बीजिंगने तक्रारी करून करून पाहिलं. शेवटी २७ ऑक्टोबर २०२३ ला एमएनडीएए, तांग जमातीचा सशस्त्र गट आणि राखाइनमधली अराकान आर्मी या तिघांनी एकत्र हल्ला केला, तेव्हा चीनने त्यांना अडवलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये लाउक्काइ पडलं, तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांसह शरणागती पत्करली. ऑगस्टमध्ये लाशिओ, म्हणजे ईशान्य विभागाचं मुख्यालय गेलं. असं मुख्यालय हातचं जाण्याची ही पहिलीच वेळ. डिसेंबरात राखाइनमधलं आन इथलं पश्चिम विभागाचं मुख्यालयही गेलं. लाशिओ एप्रिल २०२५ मध्ये परत मिळालं ते लढून नव्हे, चीनने मध्ये पडून मिळवून दिलं.

थायलंड सीमेवर म्यावाडीजवळच्या श्वे कोक्कोमध्येही तेच. तिथल्या दलाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या केंद्रांत भारतीय तरुण अडकले, मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त जणांना परत आणावं लागलं.

चौकस

सांजवेळ, कोकांगचा प्रतिसाद उत्तम, आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. १९८९ ची शस्त्रसंधी मी आजवर यश म्हणून मोजत होतो. ती तशी मोजता येत नाही, हे मान्य.

पण मूळ प्रश्न राहतोच. बंदुका लष्कराकडे आहेत. 'बराकीत जा' म्हटल्याने ते जात नाहीत. २०११ ला माजी जनरल थेन सेन राष्ट्राध्यक्ष झाले, सेन्सॉर उठला, सिमकार्ड स्वस्त झालं, परकीय गुंतवणूक आली. वाट तिरकी होती, पण वाट होती. एनएलडीने घाई केली नसती तर?

पारवा

घाई कुठे केली? मार्च २०२० चा दुरुस्ती प्रस्ताव बघा. लष्कराच्या जागा २५ वरून आधी १५ टक्के, पुढच्या निवडणुकीनंतर १०, त्यानंतर ५. पंधरा वर्षांचा कार्यक्रम. गणवेशातल्या खासदारांनी पाडला. २०१५ मध्ये तर ७५ ऐवजी ७० टक्के करा एवढंच मागितलं होतं, तेही पडलं. घटनेत वाट शोधणारे वकील को नी, ज्यांनी राष्ट्राध्यक्ष होऊ न शकणाऱ्या सू ची यांच्यासाठी स्टेट कौन्सिलर पदाची युक्ती काढली, त्यांना २९ जानेवारी २०१७ ला यांगूनच्या विमानतळाबाहेर गोळी घातली. हातात नातू होता.

आणि १ फेब्रुवारी २०२१ ला काय झालं ते टप्प्याटप्प्याने बघा, म्हणजे ही घटना स्वतःचेच नियम पाळू शकत नाही हे कळतं. आणीबाणी कलम ४१७ ची. ती फक्त राष्ट्राध्यक्ष जाहीर करू शकतात, अकरा जणांच्या राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षा परिषदेशी विचारविनिमय करून. त्या परिषदेत सहा जण लष्कराच्या बाजूचे असतातच. कारण हवं बंडाळीचं किंवा बळाने सत्ता घेण्याच्या प्रयत्नाचं. मतदारयादीतल्या चुका यात कुठेच बसत नाहीत. राष्ट्राध्यक्ष विन म्यिंत यांना पहाटे अधिकारी भेटले, 'तब्येतीचं कारण देऊन राजीनामा द्या' म्हणाले. ते नाही म्हणाले, हे त्यांनी नंतर खटल्यात साक्षीत सांगितलं. मग त्यांना अटक, पद 'रिकामं', लष्कराने नेमलेले उपराष्ट्राध्यक्ष म्यिंत स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांनी त्याच दिवशी कलम ४१८ खाली सगळी सत्ता सरसेनापतींकडे दिली. आणीबाणी वर्षाची, कलम ४२५ नुसार सहा-सहा महिन्यांच्या दोन मुदतवाढी. प्रत्यक्षात सात घेतल्या, जुलै २०२५ पर्यंत.

दर्यावर्दी

चौकस यांच्या 'कसं जातात' या प्रश्नाला इंडोनेशिया हे जवळचं उत्तर आहे. तिथेही लष्कराला संसदेत राखीव जागा होत्या : १००, मग ७५, सुहार्तो गेल्यावर १९९९ मध्ये ३८, आणि २००४ मध्ये शून्य. पोलीस लष्करापासून वेगळे केले. पूर्व तिमोरच्या हिंसाचारानंतर जनरल विरांतो यांना मंत्रिमंडळातून बाजूला केलं. २००४ च्या कायद्याने लष्कराचे उद्योग पाच वर्षांत सरकारकडे द्यायचे ठरले, अंमल अर्धवटच झाला. ऑगस्ट २००५ मध्ये आचेच्या बंडखोरांशी करार झाला. तीस वर्षं बंदुकीने न मिटलेलं बंड निवडून आलेल्या सरकारने मिटवलं, आणि तो करार आजही टिकून आहे.

फरक कुठे पडला? सुहार्तोचं राज्य एका माणसाभोवती आणि त्याच्या पक्षाभोवती होतं, १९९७-९८ च्या आर्थिक संकटात तो पडला तेव्हा लष्करात मतभेद होते. बर्मी लष्कराकडे स्वतःचे उद्योगसमूह आहेत, एमईएचएल आणि एमईसी. त्यांचा हिशेब संसदेला द्यावा लागत नाही. अधिकाऱ्यांच्या वसाहती, शाळा, इस्पितळं वेगळी. बाहेरचं संकट त्यांच्या घरात उशिरा पोचतं. मात्र इंडोनेशियातही गोष्ट संपलेली नाही. मार्च २०२५ मध्ये कायदा बदलून सेवेतल्या अधिकाऱ्यांना आणखी नागरी खात्यांची दारं उघडली.

मोहर

एक दुर्लक्षित खातं इथे नोंदवते : सामान्य प्रशासन विभाग. टाउनशिपचा कारभारी, जमिनीची नोंद, करवसुली, गावच्या कारभाऱ्याची नेमणूक, सगळं त्यांच्याकडे. तो गृहखात्यात होता, आणि गृहमंत्री सरसेनापती नेमणार. म्हणजे निवडून आलेल्या सरकारला स्वतःचा तहसीलदारही नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये एनएलडीने तो नागरी खात्याकडे आणला. मला वाटतं त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच होतं.

उठावानंतर लष्कराने हा विभाग परत घेतला. त्याआधी, उठावाच्या पंधरवड्यातच, वॉर्ड आणि गाव प्रशासनाचा कायदा बदलून रात्री घरी राहणाऱ्या पाहुण्याची नोंद कारभाऱ्याकडे करण्याची सक्ती परत आणली. संपावर गेलेले डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार रात्री दुसऱ्याच्या घरी लपत होते, त्यांच्यासाठी हा कायदा. परिणाम उलटा झाला. गावोगावच्या कारभाऱ्यांनी राजीनामे दिले, उरलेल्यांवर हल्ले झाले, आणि सागाइंगसारख्या भागात गावपातळीवरचं सरकारच नाहीसं झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीची भरती लागू केली (पुरुष १८ ते ३५, स्त्रिया १८ ते २७), तेव्हा याद्या करायला याच कारभाऱ्यांना पाठवलं. तरुणांनी गाव सोडलं, कुणी थायलंड गाठलं, कुणी जंगल.

चौकस

मग २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने जी निवडणूक घेतली तिला काहीच अर्थ नाही का? प्रामाणिकपणे विचारतोय. मंडाले-सागाइंगच्या भूकंपानंतर लोक थकलेत. थोडी उसंत मिळाली तरी पुष्कळ.

पारवा

थकलेत, अगदी खरं, आणि त्या थकव्याची मला चेष्टा करायची नाही. पण नियम बघा. जानेवारी २०२३ च्या कायद्याने देशव्यापी पक्षाला ९० दिवसांत एक लाख सभासद आणि दहा कोटी क्यातची ठेव सक्तीची केली. नेते तुरुंगात असलेल्या एनएलडीने नव्याने नोंदणी नाकारली आणि मार्चअखेर पक्ष विसर्जित झाला. जुलै २०२५ च्या कायद्याने निवडणुकीविरुद्ध बोलणं-लिहिणं हा किमान तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा केला. ३३० टाउनशिपपैकी कित्येक ठिकाणी मतदान घेताच आलं नाही. यूएसडीपीने बहुतेक जागा घेतल्या आणि वर त्या १६६ आहेतच.

अर्थ आहे की नाही हे ठरवायला चार गोष्टींवर लक्ष ठेवता येईल. सामान्य प्रशासन विभाग कुणाच्या हाताखाली राहतो. पोलीस गृहखात्यातून, म्हणजे सरसेनापतींच्या मंत्र्याकडून सुटतात का. लष्कराचा आणि त्या दोन उद्योगसमूहांचा हिशेब संसदेसमोर ओळीनिशी येतो का. आणि कलम ४३६ ला हात लागतो का. यातली एक जरी हलली तरी मी त्या निवडणुकीबद्दलचं मत बदलेन.

सांजवेळ

पाचवी जोडते. हवाई हल्ले. ११ एप्रिल २०२३ ला सागाइंगमधल्या पाझिजी गावात जमलेल्या लोकांवर बॉम्ब टाकले, दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात मुलंही होती. लष्कराच्या पायदळाला जिथे जाता येत नाही तिथे विमान जातं. निवडणुकीनंतर विमानं थांबतात का, ते त्या गावांना कुठल्याही निकालाआधी कळेल.

दर्यावर्दी

आणि २०२१ च्या तूर-उडदाच्या कराराची मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. पुढचा करार करताना दिल्लीने पैसे कुठल्या वाटेने जाणार हेही कलमात लिहून घ्यावं. जानेवारी २०२४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतर्फे रुपया-क्यात थेट व्यवहाराची सोय झाली, पण क्यात कुठल्या दराने मोजायचा हे नेपिडोची मध्यवर्ती बँक ठरवत असेल तर मॅग्वेच्या शेतकऱ्याची कापणी तशीच चालू राहील.